क्यू तुमचा, बॉल टेबलाचे

प्रश्न थोडक्यात: हे वाचक ३२ वर्षांचे, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात नोकरीला. शिफ्ट सुटली की आठवड्यातून तीन दिवस कॉलेज रोडच्या बाजूला एका पार्लरमध्ये पूल खेळतात. तिथले बॉल कळकट आहेत, दोन-तीन सेटमधले जमवलेले आहेत आणि व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा पांढरा बॉल) तर नुसत्या डोळ्यांनाही लहान दिसतो. पावसाळ्यात बॉल जड होतात, असंही त्यांना वाटतं. चार महिने पैसे साठवून त्यांनी १६ बॉलचा नवा सेट घेतला आणि एका संध्याकाळी थेट टेबलावर मांडला. मार्करने (टेबलं आणि बॉल सांभाळणाऱ्या माणसाने) हटकलं. मालक म्हणाले, "बाहेरचे बॉल चालणार नाहीत. कापड खराब झालं तर कोण भरणार?" मित्रांनीही "आला आमचा पंकज अडवाणी" म्हणून टर उडवली. वाचक विचारतात: टेबलचे पैसे मी भरतो, बॉल माझे, मग हे अडवणारे कोण? हट्ट धरू, पार्लर बदलू, की सेट कपाटात टाकू?

उत्तर:

चांगल्या बॉलवर खेळावंसं वाटणं यात चूक काहीच नाही. रोज खेळणाऱ्याला खराब बॉलचा जो त्रास होतो, तो कधीतरी खेळणाऱ्याला समजत नाही, म्हणून मित्र हसले. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. बिघाड बॉलमध्येच आहे, नवे बॉल आले की तो जाईल, आणि मालक उगाच आडमुठेपणा करताहेत. या तिन्ही एकेक करून तपासू. पार्लर बदलायचं की नाही, ते त्यानंतर.

मालकांपासून सुरुवात करतो, कारण राग तिथे आहे. "कापड खराब झालं तर" हे त्यांचं वाक्य टाळाटाळ नाही. ब्रेकच्या, म्हणजे मांडलेले बॉल फोडायच्या पहिल्या शॉटच्या वेळी व्हाइटला इतका जोर लागतो की तो आधी काही अंतर न फिरता नुसता घसरत जातो आणि मग फिरायला लागतो. त्या घसरण्यात बॉल आणि कापड यांच्यात घर्षणाने उष्णता तयार होते. कापड लोकर आणि नायलॉनच्या मिश्रणाचं असतं, त्याचे तंतू त्या जागी भाजतात. ब्रेकच्या जागेपासून पुढे गेलेले पांढुरके ठिपके आणि ओरखडे तुम्ही पाहिले असतील, ते हेच. फिनॉलिक रेझिनचा (एका कडक प्लॅस्टिकचा) बॉल ही उष्णता बरीच सहन करतो, म्हणून डाग कमी पडतात. पॉलिएस्टरचा स्वस्त बॉल तेवढी सहन करत नाही, त्याचा पृष्ठभाग लवकर झिजतो आणि झिजलेला बॉल कापडाला आणखी घासतो. दुरून पाहिलं तर दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. तुम्ही पिशवीतून काढलेला सेट यातला कुठला, हे मालकांना कसं कळावं? पिशवीतून निघालेला सेट थेट टेबलावर लागला, हे त्यांना जास्त लागलं असणार.

म्हणून आधी तुम्हीच खात्री करा की सेट कुठल्या मालाचा आहे. खोक्यावर "फिनॉलिक" असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं "रेझिन" लिहिलं असेल तर ते पॉलिएस्टरही असू शकतं. बेल्जियमची सालुक कंपनी अरामिथ नावाने जे बॉल बनवते ते फिनॉलिक असतात आणि बहुतेक मालकांना ते नाव माहीत असतं. ते खोकं दाखवलंत तरी अर्धी शंका मिटेल. तुमचा सेट पॉलिएस्टरचा निघाला, तर मात्र मालकांचं म्हणणं बरोबर आहे. तो सेट तिथे नेऊ नका.

आता बॉलच खराब आहेत का, याकडे येऊ. तुम्ही अंबडला काम करता, म्हणजे व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) तुमच्या हाताशी असेल. मालकांना विचारून एखाद्या रिकाम्या दुपारी तो आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घेऊन जा. काटा नसेल तर व्हाइट आणि एखादा रंगीत बॉल सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात तोलून घेता येईल. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिमी असायला हवा आणि वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. व्हर्निअरचे जबडे दाबू नका, नुसते टेकवा आणि बॉल फिरवून तीन वेगवेगळ्या दिशांनी माप घ्या. तीन मापं तीन आली तर बॉल गोल राहिलेला नाही.

व्हाइट लहान दिसतो ही तुमची शंका बहुधा खरी ठरेल. प्रत्येक शॉटला मार खातो तो व्हाइट, बाकीचे आपली पाळी आल्यावर. म्हणून तोच आधी झिजतो. व्यास अर्धा मिमी कमी झाला की वजन ४ ग्रॅमच्या आसपास घटतं. एवढ्याने खेळ बदलतो: हलका व्हाइट स्क्रूला (धडकून मागे आणायच्या शॉटला) पटकन मागे येतो आणि फॉलोला (धडकून पुढे न्यायच्या शॉटला) कमी चालतो. पांढरा हरवला म्हणून दुसऱ्या सेटमधला जड व्हाइट आणून ठेवला असेल तर याच्या नेमकं उलट होतं. तेव्हा फक्त व्हाइटचं वजन पाहू नका. पाच-सहा रंगीत बॉलही तोला आणि फरक बघा. व्हाइट १६३ आणि बाकीचे १६४ असतील तर सगळा सेट सारखाच झिजलाय, खेळायला त्यात अडचण नाही. व्हाइट १६३ आणि बाकीचे १६९ असतील, तर जे तुम्हाला खटकतंय ते सापडलं.

मिश्र सेटचा खरा त्रास रॅकमध्ये, म्हणजे बॉल त्रिकोणात मांडताना होतो. पंधरा बॉलांपैकी दोन-तीन जरी लहान असले तरी त्रिकोणात ते शेजाऱ्याला नीट चिकटत नाहीत, बारीक फट राहते आणि ब्रेकचा जोर त्या फटीतच जिरतो. हे पाहायला मापाचीही गरज नाही. तीन बॉल टेबलावर त्रिकोणात, मधे एक बॉल मावेल एवढी जागा सोडून ठेवा आणि त्यांच्यावर आरशाचा सपाट तुकडा टेकवा. आता आणखी एक बॉल तिघांच्या मधोमध सरकवून बघा. लहान असेल तर तो काचेखाली सैल फिरतो, मोठा असेल तर काच डुगडुगते. सोळाही बॉल असे तपासायला दहा मिनिटं पुरतात.

एक तपासणी राहिली आणि ती बहुतेक जण करत नाहीत. टेबल समतल आहे का? जाड पुठ्ठा मधोमध दुमडून पन्हळ करा, मागचं टोक चॉकच्या (क्यूच्या टोकाला घासायच्या खडूच्या) ठोकळ्यावर टेकवा आणि एकाच जागेवरून बॉल हलकेच सोडा. एकच बॉल तीन-चारदा, मग दुसरा, मग तिसरा, आणि नंतर टेबलाच्या समोरच्या बाजूने. सगळे बॉल शेवटच्या हातभर अंतरात एकाच भिंतीकडे वळले तर टेबल कलंडलंय, आणि तुमचा नवा सेटही तिकडेच वळणार आहे. एकच बॉल कधी डावीकडे तर कधी उजवीकडे भरकटला, तर तो बॉल खराब.

पावसाळ्याबद्दल. फिनॉलिक बॉल पाणी पीत नाही, आषाढातही त्याचं वजन तेवढंच राहतं. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत, ते मात्र दमट हवेत आकार बदलत. लिओ बेकलंडने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवलं, तुमच्या हातातला बॉल त्याच घराण्यातला आहे आणि त्याला ही खोड नाही. दमट होतं ते कापड. ओलसर कापडावर बॉल लवकर थांबतो, म्हणून हाताला जड वाटतो. नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टला दिवसेंदिवस झिमझिम लागते, तेव्हा कुठलेही बॉल आणलेत तरी टेबल संथच चालेल. त्यात घामट हातावर क्यू सरकावा म्हणून लोक पावडर थापतात, ती कापडावर सांडते, तिथून बॉलवर येते, आणि चॉकच्या भुकटीत मिसळून जो राप चढतो तोच तुम्हाला "कळकट" दिसतो.

हा राप दिसायला वाईट तर आहेच, त्याने शॉटही बिघडतो. चॉकचा बारीक डाग नेमका दोन बॉलांच्या स्पर्शबिंदूवर आला तर ते क्षणभर एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, रंगीत बॉल ठरलेल्या रेषेवरून ढकलला जातो आणि व्हाइट किंचित उडतो. स्नूकरवाले याला किक म्हणतात. सोपा कट (बॉलला कडेवर मारून वळवलेला शॉट) पॉकेटच्या तोंडावर अडतो तेव्हा आपण हाताला दोष देतो, पण कधीकधी तो या डागाचा असतो. नव्या सेटचा जो फरक तुम्हाला पहिल्या दिवशी जाणवला असेल, त्यातला बराचसा तो स्वच्छ असल्यामुळे जाणवला. तेवढा फरक पार्लरचे बॉल धुऊनही मिळतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नवा सेट नेण्याआधी त्यांचा सेट धुऊन द्या. दोन टब घ्या. एकात दोनेक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, दुसऱ्यात साधं पाणी. एकावेळी एकच बॉल पाण्यात घाला, मऊ कापडाने अर्धा मिनिट चोळा, आकड्याभोवतीचा काळा कडा जास्त वेळ चोळा, साध्या पाण्यातून काढा आणि मायक्रोफायबरने लगेच कोरडा करा. मग टॉवेलवर दहा मिनिटं राहू द्या. ओला बॉल कापडावर गेला तर चॉक जास्तच धरतो. सोळा बॉलांना मिळून अर्धा तास लागतो. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच यातलं काहीही लावू नका. पितांबरीसारखी पावडर पितळेला उत्तम, पण बॉलवर तिचे सूक्ष्म ओरखडे पडतात आणि त्यांत राप आणखी घट्ट बसतो. काही जण चकाकीसाठी मेण, सिलिकॉनचा स्प्रे किंवा खोबरेल लावतात. तसा बॉल जास्त निसरडा होतो आणि कटाचा कोन बदलतो. कॅरमची पावडर तर इथे अजिबात नको. धुताना प्रत्येक बॉलवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खपली उडाली आहे. फरशीवर पडलेल्या बॉलला अशी धार येते आणि ती कापड कापते. असा बॉल वेगळा काढून मालकांच्या हातात द्या, हे त्यांना पटेल.

धुतल्यावरही खेळ खटकत असेल आणि काट्यावर फरक दिसला असेल, तर आपला सेट न्यायचा विचार करायला हरकत नाही. तिथे दोन वाटा आहेत. पहिली, फक्त आपला व्हाइट नेणं. सोपी आहे, खिशात मावते, म्हणून लोक हीच निवडतात. पण नवा पूर्ण वजनाचा व्हाइट झिजलेल्या बॉलांत घातला तर तो त्यांच्यापेक्षा मोठा आणि जड ठरतो, फॉलोला जास्त धावतो, स्क्रूला अडतो. तुमच्या हाताला जी सवय लागेल ती दुसऱ्या टेबलावर उपयोगी पडणार नाही. रंगीत बॉलांच्या सरासरी वजनाशी व्हाइट ग्रॅम-दीड ग्रॅममध्ये जुळत असेल तरच हे करा. लाल ठिपक्यांचा व्हाइट असेल तर त्याचा एक फायदा मात्र नक्की आहे: साइड (बाजूला मारून दिलेली फिरकी) किती लागली हे फिरताना डोळ्यांना दिसतं. सरावासाठी तो चांगला.

दुसरी वाट पूर्ण सेट नेण्याची. माझा कौल हिला आहे, कारण सोळाही बॉल एका जातीचे, एका वजनाचे असण्यातच त्यांची किंमत आहे. पण आधी पार्लरचं टेबल कुठल्या मापाचं आहे ते पाहा. कुशनची (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीची) धार बॉलच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के उंचीवर असते, म्हणजे ५७.१५ मिमी बॉलसाठी कापडापासून ३६ मिमीच्या जरा वर. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, त्याच्या टेबलाची धार त्या हिशेबाने खाली असते. तिथे पूलचा मोठा बॉल खेळलात तर कुशन त्याला मध्यापासून खूपच जवळ लागते आणि तो उसळतो. लहान बॉल उंच धारेच्या टेबलावर गेला तर कुशन त्याला खाली दाबते. मॉलच्या गेमिंग झोनमध्ये टोकनवर चालणारं टेबल असेल तर तिथे आपला व्हाइट मुळीच नेऊ नका. पॉकेटमध्ये पडलेला व्हाइट तिथे आकाराने किंवा आतल्या चुंबकाने ओळखून परत येतो. तुमचा साधा व्हाइट बाकीच्या बॉलांबरोबर आत अडकेल.

स्नूकर खेळणाऱ्या वाचकांना हेच लागू आहे, फक्त तिथे २२ बॉल, ५२.५ मिमी अधिक-उणे ०.०५, आणि पूर्ण सेटमधला वजनाचा फरक ३ ग्रॅमच्या आत. एखाद-दुसरा लाल बदलला की हा नियम मोडतो, म्हणून सुटे लाल विकत घेताना तोलून घ्या.

आता हक्काचा प्रश्न. तुम्ही म्हणता, पैसे मी भरतो. पैसे तुम्ही टेबलाच्या वेळेचे भरता. मोठ्या स्पर्धांमध्येही खेळाडू क्यू स्वतःचा आणतो, बॉल आयोजकांचे असतात, कारण क्यू एकाच्या हातात राहतो आणि बॉल दोघांचे असतात, शिवाय कापडाला लागतात. पार्लरमध्येही बॉलांचा निर्णय टेबल ज्याचं त्याचा. हट्ट धरलात तर उद्या ते नियमाची पाटीच लावतील आणि मग कुणालाच परवानगी मिळणार नाही.

विचारायला संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, तेव्हा सगळी टेबलं लागलेली असतात. दुपारी जा, सेट खोक्यासकट न्या, आणि मालकांच्या हातात एक बॉल द्या. साधं बोला: "शेठ, हे फिनॉलिक आहेत. एका कोपऱ्यातल्या टेबलावर, फक्त आमच्या तासापुरते वापरू का? तुमचे सोळा मी मोजून ट्रेमध्ये ठेवतो, निघताना परत लावून देतो. बॉलमुळे कापडाला काही झालं तर मी भरीन." शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं असेल तरच म्हणा. ब्रेकच्या जागी व्हाइटखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवायची तयारीही दाखवा, त्याने डाग बराच टळतो. मार्करला यात धरा. बॉल मोजायचं, ट्रे भरायचं काम त्याचं आहे. त्याला न विचारता नवे बॉल मांडले म्हणजे रात्री हिशेब जुळवायची जबाबदारी त्याच्यावर आली. त्या दिवशी त्याने हटकलं ते यासाठीही असू शकतं.

आणि तरीही मालक नाही म्हणाले तर? नाही म्हणायचा त्यांना अधिकार आहे. दर आठवड्याला बॉल धुऊन द्यायची तयारी दाखवा आणि एक चांगला व्हाइट आणायला सांगा. एक व्हाइट म्हणजे पूर्ण सेटच्या मानाने किरकोळ खर्च, मालक त्याला तयार होतात. मात्र तो त्यांच्या बाकीच्या बॉलांशी तोलून निवडायला मदत करा. तेही नको आणि टेबलही कलंडलेलं असेल, तर पार्लर बदला. त्याचं कारण मग टेबल असेल, बॉल नव्हे. गंगापूर रोड असो की नाशिक रोड, नव्या ठिकाणी आधी अर्धा तासच घ्या आणि पुठ्ठ्याची ती पन्हळ बरोबर न्या.

चार-पाच नेहमीचे खेळणारे मिळून सेट घेऊन पार्लरमध्येच ठेवणं हाही एक पर्याय आहे. त्यात एक खाच आहे. तो कुणी वापरायचा हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर महिन्याभरात तो पार्लरचाच सेट होतो आणि त्यावरही तेवढाच राप चढतो. कुलूपबंद डबा, किल्ली मार्करकडे, नावं वहीत. एवढं जमत असेल तरच.

मित्रांबाबत एवढंच: "हरेल तो टेबलचे पैसे देईल" असा खेळ असेल, तर फ्रेम सुरू होण्याआधी समोरच्याला विचारा आणि त्याला नव्या बॉलवर दोन रॅक नुसते खेळू द्या. स्वच्छ बॉल जास्त सुटसुटीत फुटतात, कटाला किंचित वेगळे जातात, त्या सवयीचा फायदा तुम्हाला असतो. त्याने नको म्हटलं तर पार्लरचेच बॉल घ्या. तुमच्यासाठीही ते बरं आहे. आठवड्यातल्या तीन दिवसांपैकी एक दिवस तरी पार्लरच्या बॉलवर खेळत जा, कारण स्पर्धेला किंवा दुसऱ्या गावी गेलात की समोर येतील ते बॉल तुमचे नसणार.

ने-आण करताना: सोळा बॉल मिळून अडीच-पावणेतीन किलो भरतात. कापडी पिशवीत सुटे घालून स्कूटरच्या हुकाला अडकवू नका, खड्ड्यात एकमेकांवर आपटतात आणि मधे एखादा खडा असला तर ओरखडा पडतोच. फोमच्या ट्रेमध्ये, मूळ खोक्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये डिकीत दुपारभर राहू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री नेले तर पार्लरमध्ये पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघडे ठेवा आणि मग खेळा. सेटवर ओळख म्हणून शाई किंवा स्टिकर लावू नका. आकड्यांची ठेवण आणि पट्ट्याची रुंदी यांचा घरीच एक फोटो काढून ठेवा. निघताना सोळा मोजा आणि व्हाइट हातात घेऊन पाहा. गडबडीत बदलतो तो नेहमी व्हाइटच.